लांबच्यास आधी

गेल्या महिन्यात पद्माबायंचा कुंभकोणमहून फोन आला. सेतुराव गेल्याची बातमी त्यांनी आधी सांगितलीच नाही. माझी तब्येत विचारली, माझ्या नवऱ्याची विचारली, चेन्नईत ऊन किती आहे ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "यांच्या कपाटात पेन्सिली सापडल्या, मोहितेबाय. अस्क्या सुताराच्या. तुम्हांस होणे का?" अस्क्या म्हणजे सगळ्या, होणे का म्हणजे हव्यात का. यांच्या कपाटात म्हटल्यावर मी विचारलं, सेतुराव कुठे आहेत? तेव्हा त्या म्हणाल्या, तेरावा होऊन गेला.

पेन्सिली कुरियरनं आल्या. चपट्या, जाड शिशाच्या, चाकूनं तासलेल्या. एक अर्धी झिजलेली होती. मी तशी पटकन रडणारी बाई नाही, उलट ऑफिसात माझी ख्याती भांडखोर म्हणून आहे. पण ती अर्धी पेन्सिल हातात घेऊन मी स्वयंपाकघरात बसले ते बसलेच. त्या दिवशी डाळ करपली.

सेतुमाधवराव म्हणजे आमच्या शीतगृहाचे इनचार्ज. ओरगडमच्या रस्त्याला, मोटारींच्या कारखान्यांच्या अलीकडे, एक लांबलचक पांढरी शेड आहे. कारखान्यांतून तयार झालेल्या लशी ट्रकनं तिथे येतात, चार-आठ दिवस थंडीत मुक्काम करतात आणि मग मीनमबाक्कमच्या विमानतळावरून देशोदेशी जातात. त्यांच्या निर्यातीची कागदपत्रं मी बघते. नवऱ्याला ओरगडमला नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून इकडे आलो. तमिळचा एक शब्द येत नसताना मला ही नोकरी मिळाली, ती केवळ कागदांना इंग्रजी पुरतं म्हणून.

पहिल्या दिवशी मे महिन्याचं ऊन अंगाची लाही करत होतं, आणि शेडच्या दारात एका उंच, किडकिडीत, कपाळावर काळी उभी रेघ ओढलेल्या गृहस्थांनी माझ्यापुढे लोकरीचा स्वेटर धरला. "घाला. आत थंड अहे." तीन महिन्यांत घराबाहेर कानावर पडलेलं हे पहिलं मराठी. मी हरखून विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातले का? ते म्हणाले, "नोहे. अम्ही तंजावूरचे. तुम्हीच नव्या आलात." त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी खाली आलेलं, आणि ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की जणू मी मागच्या गाडीनं उशिरा पोचलेली नातेवाईक आहे. त्यांचं मराठी ऐकून मी पहिला महिना हसत होते. दुसऱ्या महिन्यात माझ्याच तोंडून 'सगळे'ऐवजी 'अस्के' निघू लागलं. माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत एवढंच होतं, की तुम्ही दूध मागता तेव्हाही भांडण काढल्यासारखं वाटतं.

लशींना दोन ते आठ अंश थंडी लागते. त्याच्यावर गेलं तरी बिघडतात आणि खाली गोठल्या तरी बिघडतात. भिंतीवरच्या पडद्यावर आकडे झळकत असत, पण सेतुरावांचा पडद्यावर काडीचा विश्वास नव्हता. शर्टाच्या खिशात काचेचा थर्मामीटर असायचा आणि तो घेऊन ते दिवसातून चारदा खोलीच्या चारी कोपऱ्यांत जाऊन यायचे. डब्यांत घालायची बर्फाची पाकिटं थेट फ्रीझरमधून काढून लावायला त्यांची सक्त मनाई होती. पाकीट टेबलावर ठेवायचं, त्याला घाम फुटू द्यायचा, मग उचलून कानाशी हलवायचं. आत पाण्याचा थोडा आवाज आला की ते लावायचं, नाहीतर इतक्या कडक बर्फानं शेजारची लस गोठते. प्रत्येक पाकीट असं कानाला लावून ते उभे राहायचे. ड्रायव्हर लोक म्हणायचे, सेतु सार फोनवर आहेत. ते हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. पाकीट खाली ठेवून पुढचं उचलायचे.

आणि ती पेन्सिल. माझ्या कागदांवर देशाचं नाव असे, विमानतळाचं असे, खात्याचं असे. सेतुरावांचं त्यानं भागत नसे. समोरच्या देशात तो डबा प्रत्यक्ष उघडणारा माणूस कोण, हे ते मेल पाठवून विचारून घेत आणि प्रत्येक खोक्याच्या कोपऱ्यावर सुताराच्या पेन्सिलीनं त्याचं नाव लिहीत. मेरी. अब्दुल. मी एकदा वैतागून म्हटलं, याचा कागदोपत्री काही उपयोग नाही. त्यांनी मान डोलावली आणि लिहीत राहिले. पुढे माझ्या लक्षात आलं, की खोकं आपटणारा हमालदेखील नाव दिसलं की जरा हळू ठेवायचा. मी हे सेतुरावांना कधी बोलून दाखवलं नाही. हार मानणं माझ्या स्वभावात नाही.

वेस्ट माम्बलममधल्या त्यांच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेले ते त्यांच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी. वीसेक माणसं, केळीची पानं. माझं पान स्वयंपाकघराच्या दारालगत होतं, आणि सेतुराव भाताचं पातेलं घेऊन माझ्यावरून सरळ पुढे निघून गेले. तडक पंगतीच्या पार त्या टोकाला. तिथून वाढत वाढत दारापाशी आले तोवर माझ्या पोटात कावळे ओरडत होते. पद्माबाय माझा चेहरा बघून म्हणाल्या, आमच्याकडे अशीच रीत आहे. यांचे वडील मठात वाढपी होते. दाराजवळच्याला घरातलं दिसतं, वास येतो, मागताही येतं. लांबच्याला काहीच कळत नाही, आपल्यापर्यंत येणार की नाही हेही. म्हणून वाढायला सुरुवात तिकडून करायची. सेतुराव पातेलं टेकवून फक्त एवढंच म्हणाले, "लांबच्यास आधी."

गोदामातही त्यांचा हाच कायदा होता. एकाच दिवशी तीन गाड्या निघायच्या असल्या, तर सगळ्यात दूर जाणारी आधी भरायची. जवळचा ओरडला तर त्याला ओरडू द्यायचं.

ग्रेस आली ती साथीच्या तीन वर्षं आधी. आफ्रिकेतल्या एका छोट्या, समुद्र नसलेल्या देशातली नर्स. तिथल्या मध्यवर्ती लस-भांडाराची ती प्रमुख होती, आणि सहा आठवडे आमच्याकडे काम शिकायला तिला पाठवलं होतं. चाळिशीची, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी, आणि दम्यामुळे हसता हसता मध्येच खिशातला पंप काढून तोंडाला लावणारी. ती सेतुरावांना अंकल म्हणायची, ते तिला ग्रेसम्मा. पद्माबाय तिच्यासाठी रोज दहीभाताचा डबा देत. ती म्हणायची, आमच्याकडचं मक्याचं पीठ शिजवून त्यात ताक घातलं तर हेच होईल.

राजधानीपासून तिच्या शेवटच्या आरोग्य केंद्रापर्यंत दोन दिवस लागत. एक दिवस जीप, मग मोटरसायकल, मग तळ्यातून होडी. सेतुरावांनी तिला विचारलं, लशी वाटताना पहिली गाडी कुठे सोडतेस? ती म्हणाली, जवळच्या केंद्रांना, म्हणजे निम्मं काम लगेच उरकतं. त्यांनी तिला घरी नेलं, पंगतीला बसवलं नाही, हातात पातेलं दिलं आणि वाढायला लावलं. ती परत गेली त्याच्या पुढच्या महिन्यात तिचा फोटो आला. भांडाराच्या भिंतीवर खडूनं गावांची यादी आणि सगळ्यांत वर त्या होडीच्या गावाचं नाव. सेतुरावांनी तो फोटो छापून थंड खोलीच्या दारावर चिकटवला. दमटपणानं त्याचे कोपरे मुडपत, मग ते नवी टेप लावत.

तेव्हापासून दर महिन्याला एकदा दोघांचं बोलणं होई. गोवराची लस, पोलिओची लस, तिच्या जनरेटरचं डिझेल, तिच्या मुलीची शाळा. तिच्या देशाकडे जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर पेन्सिलीनं ग्रेस लिहिलेलं असे.

मग साथ आली. त्याबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक आहे, मी नव्यानं सांगत नाही. एवढंच सांगते, की लस तयार व्हायच्या आधीच श्रीमंत देशांनी ती मागवून ठेवली होती. एकेका माणसाला पुन्हा पुन्हा टोचून उरेल इतकी. ती बनवायला लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या आपल्या कारखान्यांना मिळेनात, कारण त्याही त्यांनी आधी स्वतःसाठी अडवल्या होत्या. लशीची कृती सगळ्यांना खुली करावी की नाही, यावर बैठकांमागून बैठका चालल्या होत्या. सेतुराव दुपारच्या चहाला हे वर्तमानपत्रात वाचत आणि घडी घालून ठेवून देत. मी तावातावानं बोलत असे. ते म्हणायचे, "पंगतीत दारापाशी बसलेले पातेलंच धरून बसले, मोहितेबाय. काय करणार."

त्याच सुमारास एक ऑनलाइन बैठक झाली. कुठल्याशा श्रीमंत देशातल्या मदतीच्या कचेरीतला एक साहेब, मागे पुस्तकांचं कपाट, अंगात सुरेख स्वेटर. तो समजावून सांगत होता, की गरीब देशांना लस द्यायची आमची इच्छा फार आहे, पण त्यांच्याकडे ती थंड ठेवायची क्षमता नाही, वाया जाईल. पडद्याच्या एका चौकोनात ग्रेस होती. तिनं पंप काढून एकदा ओढला. सेतुराव वीस वर्षांत कुठल्या बैठकीत बोललेले मला आठवत नाहीत. त्या दिवशी त्यांनी माईक सुरू केला आणि त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, "सर, या बाईंच्या थंड खोलीचा तीन वर्षांचा तक्ता माझ्याकडे आहे. त्यात एकही दिवस चुकलेला नाही. त्यांच्याकडे क्षमता आहे. त्यांच्याकडे फक्त लस नाही." साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला.

साथीच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, अखेर ग्रेसच्या देशासाठीची पहिली खेप आमच्याकडे आली. तिच्या देशात पोचणारी ती पहिलीच लस. आधी दवाखान्यांतल्या नर्स आणि डॉक्टरांना द्यायची होती. म्हणजे ग्रेसलाही. भांडार सांभाळून ती वॉर्डातही ड्यूटी करत होती, कारण तिच्या तिथल्या निम्म्या नर्स आजारी होत्या. सेतुरावांनी दोन दिवस खपून सगळी खोकी स्वतः भरली. पाकिटं कानाला लावून लावून. एकेका खोक्यावर नाव लिहिलं. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं, आणि त्या दिवसांत विमानात जागा मिळवताना माझ्या नाकी नऊ आले होते.

सकाळी एका ढिगातल्या तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा लाल दिवा लागलेला दिसला. भरताना कधीतरी काही मिनिटं पारा आठाच्या किंचित वर गेला होता. किंचितच. तेवढ्यानं काही होत नाही. नियमाप्रमाणे इनचार्जच्या सहीवर खेप सोडता आली असती. मी तसं म्हटलं. मोठ्यानंच म्हटलं. माझे कागद तयार होते, ट्रक दारात उभा होता.

सेतुराव बराच वेळ त्या दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, कारखान्याकडून लेखी येऊ दे. मी म्हटलं, दोन-तीन दिवस लागतील, विमान जाईल. ते म्हणाले, "तिकडे ती हे आपल्या माणसांस टोचणार. ग्रेसम्माकडे शंका ठेवून पाठवायचं नाही मी."

विमान गेलं. तिसऱ्या दिवशी कारखान्याचं पत्र आलं, लस उत्तम आहे, खुशाल पाठवा. पुढच्या विमानात जागा मिळाली ती आणखी आठवड्यानं. त्या आठवड्यात आपल्याकडे दुसरी लाट उसळली आणि वरून फोन आला, की लस देशाबाहेर पाठवणं थांबवा.

खोकी तशीच थंड खोलीत राहिली. दोन रांगा, कोपऱ्याकोपऱ्यावर ग्रेस, ग्रेस, ग्रेस. मी त्या खोलीत जायचं टाळू लागले. सेतुराव दिवसातून चारदा थर्मामीटर घेऊन जातच होते. एकदा चहा पिता पिता मध्येच म्हणाले, तुम्ही बरोबर सांगिटलं होतं. मी नाही नाही म्हटलं. मी भांडखोर, पण त्या वेळी मला भांडता आलं नाही. आज भांडते. त्यांनी चूक केली, हे मी मान्य करते. पण एका माणसाच्या एका दिवसाच्या काळजीवर एका अख्ख्या देशाचं टांगून राहावं, अशी वेळ आणली कुणी? ज्यांच्या गोदामांत गरजेच्या कितीतरी पट पडून होतं, त्यांनी त्यातलं थोडं वेळेवर सोडलं असतं, तर ओरगडमच्या रस्त्यावरची एक गाडी चुकली काय आणि न चुकली काय. हे मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. ते राहून गेलं.

एप्रिलच्या शेवटी शहरात रुग्णवाहिकांचे आवाज थांबेनात. आमच्या दोन ड्रायव्हरांच्या घरी माणसं गेली. मग हुकूम आला, की अडकलेली खेप इथल्याच लोकांसाठी सोडा. सेतुरावांनी एका शब्दानं विरोध केला नाही. इथेही माणसंच मरतायत, म्हणाले. फक्त एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी ते स्वेटर घालून थंड खोलीत बसले आणि खोडरबरानं प्रत्येक खोक्यावरचं नाव पुसलं. मी मदत करू का म्हणून विचारलं. ते नको म्हणाले. जाड पेन्सिल, ती नीट पुसली जात नाही. खोकी ट्रकमध्ये चढवताना कोपऱ्यावर करडे डाग दिसत होते, आणि हमालांनी ती त्याही दिवशी हळूच ठेवली.

त्याच लशींचं एक शिबिर आमच्या शेडमध्ये झालं. मी घेतली. नवऱ्याला बोलावून त्यालाही दिली. दंडात सुई जाताना मी डोळे मिटले होते. ती लस ज्या कुणा नर्ससाठी होती, तिच्यापुढे मला लाज वाटत होती आणि मला जगायचंही होतं. सेतुराव नावं लिहून घ्यायला बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर टोचणाऱ्या मुलीनं त्यांना बोलावलं. ते म्हणाले, माझा नंबर नंतर.

मला वाटलं, दुसऱ्या दिवशी घेतील. दोन आठवड्यांनी पद्माबायंचा फोन आला. त्या रडत होत्या. यांना साखर आहे, साठीला आलेत, रोज बाहेर जातात आणि लस घेत नाहीत. तुमचं ऐकतील, तुम्ही सांगा. मी दुपारी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुम्ही न घेतल्यानं ग्रेसला एक थेंब तरी मिळणार आहे का, असंही म्हटलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिळणार नाही, हे कळतं मला. पण वाढपी आधी जेवतो का कुठे, मोहितेबाय?"

मी शेवटी ग्रेसलाच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. तिला सगळं सांगितलं. ती खूप हसली, मग खोकली, मग पंप ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, अंकल, हा शुद्ध मूर्खपणा आहे, उद्या जाऊन घेऊन या. सेतुराव म्हणाले, तू घेतलीस की त्याच दिवशी घेतो. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येणार म्हणतायत, एका मोठ्या देशानं कबूल केलंय. तिला आणि आम्हालाही ते ऐकून बरं वाटलं होतं, हे आठवलं की आता माझ्याच भोळेपणाची चीड येते.

पुढचा महिना आला. त्या मोठ्या देशानं स्वतःच्या लोकांना आणखी एक जास्तीचा डोस द्यावा का, यावर चर्चा सुरू केली. ग्रेसच्या देशात लाट पोचली. तिचे मेसेज दोन ओळींचे झाले. मग एका ओळीचे. मग तिच्या हाताखालच्या जोसेफचा मेल आला. सेतुरावांच्या नव्हे, माझ्या पत्त्यावर. ग्रेस मंगळवारी सकाळी वारली. चार दिवस ऑक्सिजनवर होती. शेवटपर्यंत भांडाराच्या किल्ल्या उशाशी होत्या, त्या आता माझ्याकडे आहेत, असं त्यानं लिहिलं होतं. आणि खाली, अंकलना सांगा, पहिली गाडी अजूनही होडीच्या गावालाच जाते.

मला सांगावं लागलं. मी पडद्यावरचा मेलच त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. उठून थंड खोलीच्या दारापाशी गेले. त्या फोटोच्या एका कोपऱ्याची टेप सुटली होती, ती अंगठ्यानं दाबून धरली.

पुढची गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण ती शेवटाला सांगावी इतकी तिची लायकी नाही. त्या मोठ्या देशाची लस आली. ग्रेस गेल्यानंतर तीन महिन्यांनी. वाजतगाजत आली, विमानतळावर दोन देशांचे झेंडे लावून फोटो काढले. खोक्यांवरची मुदत संपायला अडीच आठवडे राहिले होते. जोसेफनं पहिली गाडी होडीच्या गावाला सोडली, मग बाकीच्यांना. जमेल तेवढं टोचलं, आणि उरलेलं एका खड्ड्यात घालून जाळलं. नियमाप्रमाणे त्याचा फोटो काढून पाठवायचा असतो, तो त्यानं आम्हालाही पाठवला. मग वर्तमानपत्रात आलं, की गरीब देश मिळालेली लस वाया घालवतात. सेतुराव तोवर निवृत्त होऊन कुंभकोणमला गेले होते. मी त्या फोटोचं त्यांना कळवलं नाही. आता कळवता येणारच नाही, याचं मला एका अर्थी बरं वाटतं.

जोसेफचा मेल आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सेतुराव माझ्या टेबलापाशी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर ताजी काळी रेघ. म्हणाले, "आज शिबिर कुठे अहे, बघता का?" मी बघितलं. सैदापेटच्या एका कॉर्पोरेशनच्या शाळेत होतं. मी तुमच्याबरोबर येते म्हटलं. ते नको म्हणाले नाहीत.

शाळेच्या पटांगणात पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. बरीच माणसं होती. सेतुराव जाऊन बसले ते रांगेच्या अगदी शेवटी. एक म्हातारी मागाहून आली, तिला त्यांनी आपल्या पुढे बसवलं. मग एन्नोरहून दोन बस बदलून आलेलं कोळ्याचं जोडपं, त्यांना पुढे केलं. असं दुपारपर्यंत चाललं. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. मला मध्येच हसू आलं, आणि मग ते हसू कुठल्या कुठे गेलं.

एकेक खुर्ची रिकामी होत गेली. आतल्या मुलीनं हात केला. सेतुराव उठले, टेबलापर्यंत गेले आणि त्यांनी तिच्याकडून बाटली मागून घेतली. चष्मा वर करून मुदत वाचली. भरपूर शिल्लक होती. ती त्यांनी मुलीला दाखवली, बोट ठेवून, नीट बघ म्हणून. मुलगी हसली आणि तमिळमध्ये म्हणाली, सार, आता बसा, सगळ्यांचं झालं.

सेतुराव बसले नाहीत. ते वळले आणि मागे बघू लागले. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेवरून त्यांची नजर पार टोकापर्यंत गेली, तिथून शाळेच्या फाटकापर्यंत. फाटक उघडं होतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर कुणी नव्हतं. तरी त्यांनी वाट बघितली. मुलगी सुई भरून उभी होती. मग ते खुर्चीत बसले, आणि बटण काढून शर्टाची बाही वर करू लागले.